खोटी हाक

पाटकऱ्याची कॉलर फाटली त्या दिवसापासून त्याच्या बायकोच्या जिवाला घोर लागला होता. कॉलर तिनं शिवून दिली होती, मिळताजुळता दोरा घालून दिली होती, पण शिवलेलं ते शिवलेलंच. तो शर्ट अंगात घालून नवरा कालव्यावर निघाला की ती दारातून त्याच्या मानेकडे बघत राहायची. पावसानं अशी दडी मारली होती की शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, कालवा ठणठणीत कोरडा, आणि सगळ्या शेतकऱ्यांना राग काढायला माणूस सापडला होता एकच. वरचा साहेब कुणी बघितलेला नव्हता. कालव्याच्या दाराचं चाक ज्याच्या हातात, तोच पाणीचोर.

"पाणी काय मी घरात पलंगाखाली लपवून ठेवलंय?" पाटकरी म्हणायचा. "वरून हुकूम आला की चाक फिरवायचं, नाही आला की गप बसायचं. एवढीच माझी अक्कल."

"मग हे सांगा की त्यांना."

"सांगितलं. म्हणून तर कॉलर गेली."

वर हसायचा. या माणसाला हसू फुटतं कुठून, हेच तिला कळायचं नाही.

ती स्वतः लहान मुलांची बाई. वस्तीच्या टोकाला पत्र्याची एक खोली, तिथं शेतमजुरांची, ट्रॅक्टरवाल्यांची, कुणाकुणाची शाळेच्या वयाला न आलेली पोरं गोळा व्हायची. त्यांना गाण्यातून, खेळातून इंग्रजीची सवय लावायची, हे तिचं काम. गोल करून बसायचं, उठायचं, उड्या मारायच्या, हात वर, हात खाली, आणि सगळं इंग्रजीत. तिचं स्वतःचं इंग्रजी बेताचंच, पण त्या पोरांना पुरून उरेल एवढं होतं. देखरेखीला येणाऱ्या मॅडमनी मात्र एक गोष्ट बजावली होती: खेळाच्या तासात घरची भाषा बंद.

"तुम्ही इंग्रजीत सांगता आणि लगेच त्याचा अर्थ पण सांगून मोकळ्या होता," मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. "मग मुलं इंग्रजी ऐकतील कशाला?"

बाईचं तोंड एवढंसं झालं. पोरांसमोर बोलणी खाणं फार वाईट. मॅडमची गाडी गेली आणि तासाभरात एक चिमुरडी कोपऱ्यात बसून बाहुलीला दम देत होती, "लगेच अर्थ सांगतेस होय गं?"

मग बाईनं डोकं चालवलं आणि लपायचा खेळ काढला. पोरांनी लपायचं. बाईनं आपल्या भाषेत हाका मारायच्या, लाडीगोडी लावायची. "या रे सोन्यांनो, खाऊ देते. या, आई आली न्यायला." ही खोटी हाक. जो फसून बाहेर येईल तो बाद. मग मध्येच कधीतरी बाई "कम आऊट" म्हणणार. ती खरी हाक. ती आली की सगळ्यांनी धूम ठोकायची. खेळ असा काही जमला की विचारू नका. पोरं श्वास रोखून बसायला लागली, घरच्या शब्दाला कान बहिरे आणि इंग्रजी शब्दाला टवकारलेले. पुढच्या खेपेला मॅडम येऊन बघून गेल्या आणि "व्वा" म्हणाल्या. त्या एका व्वावर बाई आठवडाभर तरंगत होती.

त्या पोरांत एक होती, तिला सगळे घुमी म्हणायचे. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाई, सकाळी पोरीला सोडी आणि उन्हं कलली की नेई. घुमी बोलायची नाही. नाव विचारलं तरी फ्रॉकचं टोक तोंडात. गाण्यात ओठ हलायचे, आवाज नाही. पण लपायच्या खेळात ती सगळ्यांची उस्ताद निघाली. गप्प बसणं हाच जिथं गुण, तिथं तिचा हात कोण धरणार? एकदा खुरपणारी जरा लवकर न्यायला आली. खेळ रंगात होता. घुमी पाण्याच्या पिंपामागे दबा धरून. आईनं दारातून हाक मारली. पोरगी हलली नाही. बाईनं ओठांवर बोट ठेवून आईला खूण केली, बघा गंमत. आईनं परत हाक मारली, मग आणखी एकदा, जरा वरच्या आवाजात. पिंपामागे चिडीचूप. मग बाईनं "कम आऊट" म्हटलं आणि घुमी बाणासारखी सुटली. सगळे खो खो हसले.

"शाब्बास! आईला पण फसली नाही!" बाई म्हणाली.

खुरपणारीही हसली, पण जरा उशिरा.

मग एके दिवशी सकाळी पाटकरी निघाला तेव्हा बाई त्याच्या मागे मागे दारापर्यंत गेली.

"आज तरी लोकांच्या तोंडी लागू नका."

"आज कोण येतंय? पाणी परवाशिवाय सुटत नाही. चाकाला ग्रीस लावून येतो नुसता." त्यानं फावडं खांद्यावर टाकलं. "तुझं काय? दुपारचं पोरांना घेऊन सावलीला जाणार असशील तर..."

"छे, आज मॅडम यायच्यात. मी खोलीतून पाय बाहेर काढणार नाही."

एवढंच बोलणं झालं. दोघांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

मॅडम आल्याच नाहीत. गाडी बिघडली, असा निरोप आला. तोवर पत्रा तापून खोलीची भट्टी झाली होती. पोरं लाल झाली, एकाचा घोळणा फुटला, एक रडायला लागला आणि त्याचं बघून दुसरा. बाईनं घोळणा फुटलेल्याच्या डोक्यावर पाणी थापलं, सगळ्यांना दोरीला धरायला लावलं आणि दारापुढचं शेत ओलांडून कालव्याकडे निघाली. काठावर झाडं होती, दाट सावली होती. कोरड्या कालव्यात गार वाळू होती आणि गाडीवाटेखालून जाणारा, पोरांना वाकून जाता येईल एवढा सिमेंटचा पाइप होता. उन्हाळाभर वस्तीतली पोरं तिथंच लोळायची. पाणी परवा. पाटकऱ्याच्या बायकोला नाही कळायचं तर कुणाला?

पलीकडच्या रानात बाया ओळीनं खुरपत होत्या. त्यात घुमीची आई होती, डोक्याला फडकं बांधलेलं. पोरीला बघून तिनं खुरपं वर करून हलवलं. घुमीनंही हात हलवला.

मग खेळ सुरू झाला. पोरं पांगली. कुणी झाडामागे, कुणी काठावरच्या झुडपात, कुणी खाली कालव्यात भिंतीच्या कडेला. बाईनं डोळ्यांवर हात घेऊन इंग्रजीत अंक म्हटले आणि खोट्या हाका मारायला लागली. "या रे, पाणी देते गार गार. या रे, घोडा आला बघा." कुणी येईना. झुडपात दाबलेलं हसू तेवढं ऐकू येत होतं. बाईला मजा वाटत होती. कितीतरी दिवसांत तिच्या डोक्यात नवऱ्याची कॉलर आली नव्हती.

आधी तिला वास आला. तापलेल्या मातीवर बादली ओतल्यावर येतो तसला. मग वरच्या अंगानं खसखस ऐकू आली, कुणी पाल्यातून पाय ओढत येतंय अशी. बाईनं वळून बघितलं. कालव्याच्या वळणावरून कचरा चालत येत होता. पानं, काटक्या, बाटल्या, कुणाची तरी चप्पल, आणि त्या सगळ्याला पुढे ढकलत तांबडं, फेसाळ पाणी. अजून घोटाभरच. पण त्याच्यामागून येणारं किती, हे पाटकऱ्याच्या बायकोला कुणी सांगायला नको होतं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. "पोरांनो! बाहेर या! वर या, वर या, पाणी आलं!"

कुणी हललं नाही.

"अरे पाणी आलं रे! खरं पाणी!"

झुडपात कुणीतरी फिसकन हसलं.

बाई तशीच खाली उतरली, उतरली कसली, घसरली. भिंतीच्या कडेला बसलेल्या दोघांच्या दंडाला धरून तिनं त्यांना फरफटत काठावर फेकलं. ती रडायला लागली. आणखी एकजण आपण होऊन वर पळाला. पाणी तिच्या पिंढऱ्यांना लागलं. काठावर सगळी पोरं आता उभी राहून बघत होती. तिनं तोंडं मोजली. एक तोंड कमी. परत मोजली. घुमी नव्हती.

पाइप.

ती पाइपाच्या खालच्या तोंडाशी वाकली. आत काळोख. बऱ्याच आत, मधोमध, गुडघे पोटाशी घेतलेली एक लहान गाठोडी दिसली. दोन्ही हात तोंडावर दाबलेले.

"घुमे, बाहेर ये! ये गं, पाणी येतंय!"

गाठोडी आणखी आवळली.

बाई आत शिरायला गेली तर खांदे अडकले. कशीबशी तिरकी होऊन ती हातभर आत गेली. पण पाइपाच्या वरच्या तोंडातून पाणी येत होतं आणि त्याबरोबर कचरा येऊन खालच्या तोंडाशी अडकत होता. पाणी तुंबत होतं. तेवढ्यात काठावरून किंकाळी आली. खुरपणारी पळत आली होती, हातात खुरपं तसंच. ती सरळ पाण्यात उतरली, बाईला बाजूला सारून पाइपाशी गुडघ्यावर बसली.

"ये गं माझे आई! ये बाहेर! मी आलेय बघ! माझी शपथ आहे तुला, ये!"

आई आपल्या पोरीला असं पोटातून हाक मारत होती, आणि पोरगी आत बसून मान हलवत होती. नाही. नाही.

"अगं अशी काय करते ही?" आई बाईकडे वळून ओरडली. "ऐकत का नाही माझं?"

काठावरची पोरं आता रंगात आली होती. त्यांना वाटलं, आजचा खेळ जोरदार आहे. बाई पाण्यात, आई पाण्यात, केवढी मोठी खोटी हाक! एक पोरगं टाचा उंचावून ओरडलं, "घुमे, हलू नको! बाई फसवतायत!" आणि मग सगळीच, "हलू नको! हलू नको!"

बाईनं काठाकडे वळून बघितलं. तेव्हा तिला कळलं, आपण काय करून ठेवलंय.

तिनं तोंड उघडलं. शब्द येईना. रोज दहादा म्हटलेला शब्द, झोपेतही आला असता असा शब्द, आणि जीभ टाळूला चिकटून बसली. भलतंसलतं सगळं आठवलं. लाल, निळा, मांजर, हात वर, शुभ सकाळ. सगळी शाळा डोक्यात नाचून गेली, तेवढा एक शब्द वगळून. पाणी मांडीपर्यंत आलं.

वरच्या बाजूनं माणसांचा गलका आला. पाटकरी पाण्याबरोबर काठानं चालत येत होता, कचरा मोकळा करत. मागे शेतकरी. एरवी पाणी सोडायच्या आधी तो काठानं डबा बडवत जायचा, पण आज हुकूम अचानक आला आणि लोकांनी त्याला घेरलं. आधी चाक, मग तुझा डबा, म्हणाले. त्यानं आपली बायको कालव्यात बघितली, पाइपाचं तोंड बघितलं, आणि एक शब्द न विचारता जे करायचं ते केलं. परत पळत जाऊन चाक बंद करायला वेळ नव्हता. त्यानं पाइपाच्या वरच्या अंगाला, कालव्याच्या काठावर फावडं घातलं आणि बांध फोडायला लागला. पाटकऱ्यानं कालव्याचा बांध फोडायचा म्हणजे पुजाऱ्यानं देव फोडण्यातलाच प्रकार.

"ए! माझं पाणी आहे ते!" कॉलर फाडणारा शेतकरी धावून आला. मग त्याची नजर खाली, पाइपाशी बसलेल्या त्या दोन बायांकडे गेली आणि तो होता तिथंच थांबला.

माती सुटली. पाणी भसाभस रानात वळलं. पाइपातलं पाणी उतरलं नाही, पण चढायचं थांबलं.

आणि बाईच्या तोंडातून शब्द निघाला. ओरडून नाही. फाटक्या, बारीक आवाजात.

"कम आऊट."

घुमी लगेच उठली. वाकून, पाणी उडवत, रांगत, हसत ती पाइपातून बाहेर आली. छातीपर्यंत भिजलेली, केसांत पाला. आईनं तिला पकडून वर ओढलं आणि तिघी काठावर जाऊन पडल्या. पाटकऱ्यानं फावडं टाकलं.

आई तिला चाचपत होती, हात, पाय, डोकं. घुमीचं लक्ष आईकडे नव्हतंच. ती बाईकडे बघत होती, आणि जी पोरगी कधी धड आपलं नाव सांगत नव्हती, ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"मी नाही आले, बाई. आई सारखी हाक मारत होती, रडली पण, तरी नाही आले. मी जिंकले ना?"

आईचे हात तिच्या अंगावर होते तसेच राहिले.

संध्याकाळी पाटकरी आणि बाई घरात समोरासमोर बसली होती. चूल पेटली नव्हती. तो हाताचे फोड बघत होता.

"चाक काढून घेतील माझ्याकडून," तो म्हणाला. "बांध फोडला म्हणून वर कळवणारच कुणीतरी."

"अहो, माझ्यामुळे झालं."

"डबा मी नाही वाजवला."

"डबा वाजवला असता तरी ती आली नसती." बाईला हुंदका आला. "कुणीच आलं नसतं. मीच शिकवलंय त्यांना. मीच!"

आज त्याला हसू आलं नाही, आणि तिला वाटलं, याच्यापेक्षा हसला असता तर बरं झालं असतं.

सकाळी ती खोलीवर गेली ती पाय ओढत. आज आयाबाप जमणार, खुरपणारी वस्ती गोळा करून आणणार, झिंज्या धरून बाहेर काढणार, हे तिनं गृहीत धरलं होतं. एका परीनं तिला तेच हवं होतं. पण पोरं रोजच्यासारखी आली, शेंबूड पुसत, डबे आपटत. बाईनं त्यांना गोल करून बसवलं आणि आपल्या भाषेत, एकेकाच्या डोळ्यांत बघून सांगितलं. खेळ संपला. आता आईनं हाक मारली की जायचं. बाबांनी मारली की जायचं. कुणीही, कुठल्याही भाषेत.

"कळलं?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण गालात हसला.

तेवढ्यात दारात खुरपणारी उभी राहिली. एकटीच. घुमीचा हात धरलेला. तिनं घुमीला आत सोडलं, ती जाऊन गोलात बसली. बाई उठून दारात आली आणि मान खाली घालून उभी राहिली.

"काय बोलायचं ते बोला मला," ती म्हणाली. "मी ऐकून घेईन."

"बोलायचं काही नाही, बाई. तो शब्द मला शिकवा."

बाईनं वर बघितलं.

"काल पाणी होतं," आई म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज अगदी सपाट होता. "उद्या गवताला आग लागेल. साप निघेल. ट्रॅक्टर मागे येईल. तुम्ही काय दर वेळी जवळ असाल? मी काय ओरडू?"

"मी सांगितलंय त्यांना. आत्ताच सांगितलं. खेळ बंद केला, आता तुम्ही हाक मारली की..."

"मी पण सांगितलं. रात्री सांगितलं, सकाळी सांगितलं. मग हाक मारली." खुरपणारीनं आत गोलाकडे बघितलं. "तर उंबऱ्यात उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खरी हाक की खोटी, ते बघत होती. माझ्या तोंडाकडे, बाई."

बाईनं शब्द सांगितला. तुकडे करून, सावकाश, पोरांना सांगते तसा. खुरपणारीनं तो म्हटला. पहिल्यांदा जमला नाही, जीभ आडवी आली. परत म्हटला. हातानं मांडीवर ठेका धरून म्हटला. बाई ओठ हलवून दाखवत होती.

"आता बरोबर आला?"

"आला."

"रानातून हाक मारतात तशी मारून बघते."

ती अंगणात गेली, पाठ फिरवून उभी राहिली, छातीत श्वास भरला आणि ओरडली. "कम आऊट!"

घुमी गोलातून ताडकन उठली. दार ओलांडून, अंगण ओलांडून धावत गेली आणि आईच्या पायांना मिठी मारून वर बघत हसली. कसला संशय नाही, तोंड निरखणं नाही. सरळ येऊन बिलगली.

आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडावर फुटलं आणि ती तिथंच, मातीत, फतकल मारून बसली. पोरीला पोटाशी धरून हमसाहमशी रडायला लागली.

घुमी घाबरली. तिनं फ्रॉकच्या टोकानं आईचे डोळे पुसले.

"रडतेस कशाला, आई?" ती म्हणाली. "आले की मी."